काकाजींचा कधीच नसलेला बैल

तांडापेठेतल्या त्या घराच्या फाटकात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या काखेत पाचशे पत्रकं होती आणि समोर अंगणात सतरा हातपाय ओळीनं उभे होते.

हातपाय प्लास्टरचे होते. मोडलेलं हाड जुळलं की दवाखान्यात प्लास्टर चिरून काढतात आणि आपण ते तिथंच टाकून येतो. या घराचे मालक, काकाजी, टाकत नसत. दोन्ही फाका पिशवीत घालून घरी आणायचे, तारेनं बांधायचे, ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे आणि माती भरून झाड लावायचे. मांडीपर्यंतच्या पायात कोरफड, गुडघ्यापर्यंतच्यात तुळस, कोपरात वाकलेल्या हातात मिरची. प्रत्येकावर तारीख आणि डॉक्टरची सही. सही केल्याशिवाय काकाजी डॉक्टरला हात धुवू देत नसत.

"खोली पाहिजे का पत्रक वाटून राहिली?" खुर्चीतला साडेचार फुटांचा म्हातारा म्हणाला.

"दोन्ही."

त्यांनी पत्रक घेतलं. आमच्या आरोग्य गटाचं होतं आणि मीच लिहिलेलं. 'हाडं ठिसूळ आहेत? दूध, तीळ, सकाळचं ऊन. कॅल्शियम हा तुमचा हक्क आहे.' आमच्या गटात कुठल्याही वाक्याला हक्क जोडला की ते छापायला जायचं. काकाजींनी ते दोनदा वाचलं.

"आणि दूध पिऊनही मोडली त?"

"तर कमी प्यायलं असेल," मी म्हणाले.

हे वाक्य मी सतरा प्लास्टरांसमोर उभी राहून बोलले. आज आठवलं की कान गरम होतात. काकाजी मात्र शांत होते. "खोली वरची आहे," म्हणाले. "जिन्यावरून धावायचं नाही. तू धावली का मले दुखते."

तिथं मी चार वर्षं राहिले. या माणसानं आयुष्यभर खोटं सांगितलं, रंगवून सांगितलं, आणि तांडापेठेनं ते डोक्यावर घेतलं. मग एकदा खरं सांगायची पाळी आली आणि त्या खऱ्यावर त्यांची चार महिन्यांची नात पणाला लागली होती. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण काकाजींबद्दल एवढंच सांगता येत नाही.

एक तर त्यांच्याकडे सन नव्हते, हाडं होती. "हे नळ कधी आले काकाजी?" "डाव्या खुब्याच्या वर्षी." शेजारच्या मावशीचं लग्न दुसऱ्या बरगडीच्या आधीचं. मतदार यादीवाला जन्मतारीख विचारायला आला तेव्हा त्याला म्हणाले, "लिही, हासळीच्या तीन वर्षं आधी." हासळी म्हणजे गळ्याखालचं हाड, पण तो बिचारा सण समजून कॅलेंडर पाहू लागला.

आणि प्रत्येक हाडाला एक गोष्ट होती. उजवी मांडी बैलानं मोडली. हा बैल तांबडा, एका शिंगाचा, घरच्याच गोठ्यातला. काकाजी सात वर्षांचे असताना त्यानं त्यांना उचलून थेट चिंचेवर फेकलं. डावं मनगट कामठी रोडवर ट्रकनं. दात एका पहिलवानानं पाडले, तोही हरल्यावर. डाव्या कानानं ऐकू येत नसे, कारण दिवाळीत सुतळीबॉम्ब कानाशी फुटला. बरगड्या रामटेकच्या पायऱ्यांवर, एका म्हातारीला वाचवताना. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमायची ती या गोष्टींसाठी. "काकाजी, बैल सांगा ना." काकाजी बैल सांगायचे आणि दर वेळी चिंच थोडी उंच व्हायची.

कामही त्यांचं बसून करायचं होतं. विणकराच्या घरात जन्मून ते मागावर कधीच बसले नाहीत, कारण मागाच्या पावड्या पायानं दाबाव्या लागतात. ते पत्ते ठोकायचे. साडीच्या काठावर मोर किंवा कोयरी उमटायची तर कुठला धागा कधी उचलायचा हे मागाला सांगावं लागतं. ते पुठ्ठ्याचे लांबट पत्ते सांगतात. एकामागे एक शिवलेले, भोकं पाडलेले. भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही. माग डोकं चालवत नाही. एकदा काकाजींकडून एका पत्त्यावर एक भोक राहून गेलं आणि साऱ्या साड्यांवर पोपट आले ते एका पायाचे. काठभर, पदरभर, शेकड्यानं पोपट, आणि एकही दोन पायांचा नाही. पुढच्या वेळी उमरेडच्या बायांनी तोच लंगडा पोपट मागितला. काकाजी तयार होईनात. "चुकून ठोकला तो ठोकला, मुद्दाम नाही ठोकत." माग बंद झाले, पत्ते माळ्यावर गेले, तरी हे सांगताना ते अजून ओशाळायचे.

मुलगी एकच. काटोलला दिली होती, संत्र्याच्या व्यापारी घरात. बघायला आले तेव्हा तिच्या सासूला तिचे डोळे आवडले होते. बुबुळं काळीच, पण भोवतीचं पांढरं किंचित निळसर, धुतल्या पांढऱ्या कापडाला नीळ दिल्यासारखं. काकाजींचे डोळेही तसेच. मला वाटायचं घराण्याचं देखणेपण. सासूलाही तेच वाटलं होतं. मुलीची लहानपणी तीन हाडं मोडली होती. लग्न जमवताना काकाजींनी तिन्हींचे अपघात पोपटासारखे पाठ करून घेतले होते: झोपाळा, सायकल, गच्ची.

मग एका सकाळी मुलीचा फोन आला. तिच्या तान्ह्या पोरीची मांडी सुजली होती आणि ते तिला घेऊन धंतोलीच्या एका दवाखान्यात आले होते. काकाजींनी मला काठीसारखं सोबत घेतलं. आम्ही पोचेपर्यंत फोटो निघाला होता. मांडीचं हाड मोडलेलं, आणि बरगड्यांवर दोन जुने, आपोआप जुळलेले मोड. डॉक्टरांनी एकेकाला वेगळं बोलावून विचारलं, हे कसं झालं.

मुलगी म्हणाली, "पाळण्यातून पडली."

काकाजी कुणी विचारायच्या आधीच आत गेले आणि म्हणाले, "माकडानं ओढली. काटोलले माकडं लय झाले." ते काटोलला तीन महिन्यांत गेले नव्हते.

जावई म्हणाला, "काहीच झालं नाही साहेब. मी डायपर बदलून राहिलो होतो. पाय उचलला आणि कट्ट आवाज आला."

तिघांत खरं एकट्यानं सांगितलं, आणि संशय त्याच्यावर गेला. डॉक्टरांनी नियमानुसार कळवलं. ते बरोबरच केलं, आजही मी म्हणेन. चार महिन्यांचं मूल धड कूस वळत नाही, ते पाळण्यातून पडेल कसं? मुलांच्या हिताचं बघणारी सरकारी समिती आली, कागद झाले. पोरीला दवाखान्यातच ठेवायचं, आईबापांनी ठरल्या वेळी काचेतून बघायचं, आणि आठ दिवसांनी सुनावणी. समाधान झालं नाही तर पोरगी शिशुगृहात.

मी काय केलं ते सांगते, लपवून काय करू. घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं. 'चिमुकलीचं हाड मोडणाऱ्या बापाला पाठीशी घालणार का?' मथळा मला फार आवडला होता. जावयाचे हात मी पाहिले होते, संत्र्याच्या पेट्या उचलून रुंद झालेले, आणि तेवढा पुरावा मला पुरला. खाली अंगणात वाचून दाखवलं.

काकाजी कोरफडीला पाणी घालत होते. "काहून वं," ते म्हणाले, "त्यानं मारलं हे तुले कोणं सांगितलं?"

"मग कुणी मोडलं? माकडानं?"

त्यांनी हातातल्या तांब्यानं ओळीतल्या पहिल्या मोठ्या पायाकडे दाखवलं. "हा पाय पाहून राहिली ना. सतराव्या वर्षी मोडला. कशानं, माहीत आहे?"

"फेफरं आलेल्या घोड्याखाली सापडलात."

"शिंक आली होती."

मी हसले. ते हसले नाहीत.

"मनगट बादली उचलताना गेलं. बरगड्या खोकल्यानं. रामटेकची म्हातारी कोण, मलेही नाही माहीत. दात आपोआप झडले. तो पहिलवान मी बजाजच्या पोस्टरवर पाहिला होता."

"आणि बैल?"

"बैल आमच्या घरी कधीच नव्हता," काकाजी म्हणाले. "बकरी होती एक. तिनं कोणाचं काय मोडलं असन."

मी खाली ओट्यावर बसले. माझ्या हातातलं पत्रक मग कुठं गेलं आठवत नाही. मला राग आला होता, आणि मला राग आला की मी ओरडते. तेव्हाही ओरडले. म्हणाले, तुमचं ते माकड आणि तिचा तो पाळणा, त्यानं पोरगी जाणार आहे. तुमची हाडं, मुलीची हाडं, आता नातीची. तुम्हाला माहीत होतं हे घराण्यात आहे, तरी गप्प बसलात. खरं सांगा ना त्या समितीला.

"आणि मंग पोरीचं लगन? तिच्या सासरी काय सांगितलं होतं मी? झोपाळा, सायकल, गच्ची."

"लग्न गेलं तर जाऊ द्या."

"तू जाऊ दे म्हणशीन. तुह्यं थोडंच आहे."

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

सात दिवस ओट्यावर गोष्ट झाली नाही. संध्याकाळी माणसं आली, बैल मागितला, तर म्हणाले, आज बैल आजारी आहे. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "दोन ई-रिक्षा घेऊन ये. एक माणसांसाठी, एक पायांसाठी."

सतरा प्लास्टरं, झाडांसकट. आम्ही तांडापेठेतून निघालो तेव्हा लोकांना वाटलं कसली तरी मिरवणूक आहे. एका पोरानं तर टाळ्याही वाजवल्या.

समितीच्या दारात शिपाई आडवा आला. "झाडं आत नेता येत नाहीत."

"झाडं नाहीत गा, पुरावे आहेत."

"पुराव्यात कोरफड आहे."

"मंग पाणी घाल ना तिले, ऊन लागून राहिलं."

शेवटी अध्यक्षबाईंनीच खिडकीतून पाहिलं आणि आत आणू द्या म्हणाल्या. फायलींच्या टेबलावर, खुर्च्यांवर, कूलरवर, सगळीकडे पाय ठेवावे लागले. एका बाजूला मुलगी आणि जावई, मागे जावयाची आई, दारापाशी दवाखान्याची तरुण डॉक्टरीणबाई पोरीला घेऊन. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिकेसारख्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

काकाजी उभे राहिले. त्यांना बसा म्हटलं तर म्हणाले, "बसलो का मी गोष्ट सांगतो. उभ्यानं खरं निघते."

आणि मग त्यांनी एकेक पाय उचलून एकेक गोष्ट मागे घेतली. हा घोडा नाही, शिंक. हा ट्रक नाही, बादली. हे मिरचीवालं कोपर, पोरीले कडेवर घेताना. अध्यक्षबाई लिहीत होत्या. आठव्या पायाला त्यांनी पेन थांबवलं.

"शिंकेनं मांडी मोडते?"

"माही मोडली."

"आणि हे कुणालाच सांगितलं नाही? का?"

इथं ते अडखळले. इतक्या वर्षांत मी त्यांना अडखळताना पाहिलं नव्हतं.

"मी सात वर्षांचा होतो, बाईसाहेब. पाय मोडला. झोपेत मोडला. तिसऱ्या खेपेले गल्ली म्हणाली, ही माय पोराले मारते. पंच बसले. मायले उभं केलं मधात. ते म्हणाले, मारत नाहीस त मंग कसं मोडते? तिले काही सुचलं नाही. ती म्हणाली, बैल." त्यांनी हातातला पाय टेबलावर ठेवला. "कोणाचा बैल, कुठला बैल, ती रात्रभर मले पढवत होती. तांबडा. एका शिंगाचा. मले म्हणे, कोणी विचारलं का लगेच सांगायचं, नाही त तुले माह्यापासून नेतीन. तेव्हापासून मी लगेच सांगतो."

बैल पोराला वाचवण्यासाठी आणला होता. साठ-पासष्ट वर्षं तो इमानानं वाचवत राहिला, आणि आता त्यानंच पोरीला दाराबाहेर न्यायला घेतलं होतं.

"पाळणा खोटा आहे," मुलगी एकदम म्हणाली. "माकडही. डायपरचं हे म्हणतात तेच खरं. मले माहीत होतं, तरी मी गप्प राहिले." ती नवऱ्याकडे पाहत नव्हती.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "तिघंजण खिडकीपाशी एका ओळीत या." काकाजी, त्यांची मुलगी आणि कडेवर नात. उजेडात तिघांच्या डोळ्यांचं पांढरं एकाच निळीचं होतं. अध्यक्षबाई चष्मा वर करून एकेकाच्या डोळ्यांत पाहत गेल्या आणि परत पहिल्यापासून पाहत आल्या. मग त्यांनी लिहिलं: रक्ताची तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत मूल आईबापांकडे राहील, दर आठवड्याला दवाखान्यात दाखवावं. लिहून झाल्यावर काकाजींकडे वळल्या. "आता हे पाय उचला. मला पुढची सुनावणी आहे."

बाहेर व्हरांड्यात जावयाच्या आईनं आपल्या व्याह्यांना, काकाजींना गाठलं. मी मधे पडायच्या तयारीत होते.

"इवाईबुवा, लग्नात सांगितलं असतं त?"

"तुम्ही केलं असतं का लगन?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं केलं."

"म्हणून नाही सांगितलं."

"चोरी केली तुम्ही."

"हाव. केली."

तिनं कोरफडीचं वाळलेलं टोक खुडून टाकलं. "डोळे मीच पसंत केले होते," मग म्हणाली. "आता त्याले काय करता. पोरगी आमची आहे. आणि माह्या पोरानं पाय मोडला म्हणून आठ दिवस मीही त्याच्याशी बोलली नाही, ते आधी निस्तरू द्या."

अहवाल काही आठवड्यांनी आला. कॉल-वन-ए-वन नावाचा जीन, त्यात एक अक्षर बदललेलं. डॉक्टरीणबाईंनी काकाजींना, मुलीला आणि मला समजावलं ते मी नंतर पत्रकात घातलं, म्हणून पाठ आहे. हाड म्हणजे नुसता चुना नसतो. आत कोलेजनचे धागे असतात, चुना त्यांना धरून बसतो. हा कोलेजन म्हणजे तीन पदरांचा पीळ. प्रत्येक पदरात दर तिसऱ्या जागी सगळ्यात बारका मणी लागतो, कारण पिळाच्या मधोमध मोठ्याला जागाच नसते. जीनमधलं एक अक्षर चुकलं की त्या जागी मोठा मणी येतो आणि पीळ अडतो. मग हाड ठिसूळ, डोळ्याचं पांढरं पातळ म्हणून निळसर, दात कच्चे, उतारवयाच्या आधीच कान जड. आईबापांपैकी एकाला असलं तरी प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. दूध कितीही प्या.

म्हणजे बैल, ट्रक, पहिलवान आणि सुतळीबॉम्ब, चौघांचं काम एकाच अक्षरानं केलं होतं.

काकाजी ऐकत होते. उजवा कान पुढे, भुवया जुळलेल्या. "म्हणजे माग बरोबर आहे," ते म्हणाले. "पत्त्यात भोक चुकलं."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एका पायाचा पोपट," काकाजी म्हणाले आणि इतकं हसले, इतकं हसले की आम्ही तिघींनी घाबरून त्यांच्या बरगड्या धरल्या.

ओट्यावरच्या एकानं त्यांना केमिस्टकडून कोलेजनचा डबा आणून दिला होता, सुरकुत्या जायला बाया घेतात तो. त्यावर बाईचं चकचकीत तोंड. काकाजींनी डबा उलटासुलटा पाहिला. "पत्ता चुकला असन त साडी खाऊन तो सुधरन का?" डबा त्यांनी मिरचीच्या मातीत मिसळला. मिरचीला काही झालं नाही.

पोरीला दवाखान्यात हाडं घट्ट व्हायचं औषध सलाइनमधून सुरू झालं. डायपर बदलताना पाय धरून उचलायचं नाही, ढुंगणाखाली तळहात सरकवून उचलायचं, हे नर्सनं शिकवलं आणि सगळ्यांत आधी जमलं जावयाला. त्या रुंद हातांवर ती परातीतल्या पोळीसारखी बसायची. मी पाहिलं आणि जुन्या पत्रकाचं मथळ्यासकट त्याच्यापाशी कबूल केलं. तो म्हणाला, "ताई, मथळा चांगला होता." अशा माणसाशी काय भांडणार.

तांडापेठेनं मात्र शिंक कधीच मान्य केली नाही. काकाजी ओट्यावर बसून खरं सांगायचे, शिंक, बादली, खोकला, आणि माणसं चुळबुळ करत. "ते ठीक आहे काकाजी, पण बैल सांगा ना." एक जण तर म्हणाला, सरकारनं दबाव आणून बैल नाकारायला लावला. मी त्याला पत्रक दिलं. त्यानं त्यावर चिवडा खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं काकाजी गेले. त्यांना उचलायला आलेल्या चौघांना मुलगी म्हणाली, "हळू उचला." त्यातला एक म्हणाला, "आता काय हळू, बाई." ती म्हणाली, "हळू." त्यांनी हळू उचललं. अठरावं प्लास्टर पायावर होतं, काढायला अजून दहा दिवस होते. घाटावर दोन माणसं चिंच किती उंच होती यावर वाद घालत होती.

यंदा जूनमध्ये मी काटोलला गेले, पोरीच्या बालवाडीच्या प्रवेशाला. आधीच्या एका शाळेनं जबाबदारी नको म्हणून परत पाठवलं होतं, म्हणून मी पत्रकांचा गठ्ठा आणि चढवलेला आवाज घेऊन गेले होते. पोरगी बाकावर बसलेली, डाव्या पायात प्लास्टर, त्यावर तिनं आधीच डॉक्टरची सही घेतली होती.

शिक्षिका वाकून म्हणाल्या, "अरे अरे, पायाला काय झालं गं?"

पोरीनं क्षणाचाही विचार केला नाही. "बैलानं मारलं," म्हणाली. "तांबड्या. एकच शिंग होतं त्याले. मले चिंचेवर फेकलं."

माझं तोंड उघडलं. मी पत्रक पुढे करणार तेवढ्यात तिची आई हसली. मी तिला त्या विषयावर पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

"बैल हिच्या आजोबाच्या आईचा आहे, मॅडम," ती म्हणाली. "पाय उभं राहताना मोडला, कशानं नाही. फॉर्मवर दोन रकाने असतीन त दोन्ही लिहा."

शिक्षिकेनं पेन उचललं. फॉर्मवर रकाना एकच होता.